पहिल्या खर्ड्याची घाई

कादंबरीच्या लेखनाविषयी बोलण्याचा अधिकार ज्याची कादंबरी प्रसिद्ध झाली आहे त्याचा, हा आपल्या वाङ्मयव्यवहारातील संकेत मला मान्य आहे. माझी कादंबरी प्रसिद्ध झालेली नाही; ती कधी होईल की नाही, हेही आज सांगता येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मी मराठी शिकवते, कादंबरी या प्रकारावर वर्षानुवर्षे वर्गात बोलते, प्रबंधही त्याच विषयावर लिहिला आहे. तरीही पुढील पाने लिहावीशी वाटली, याचे कारण असे की निर्मितिप्रक्रियेविषयीचे आपल्याकडील बरेचसे लेखन निर्मिती मान्य झाल्यानंतर, मागे वळून केलेले असते. त्यामुळे आरंभीच्या अडखळण्याला एक खोटा अटळपणा प्राप्त होतो. जणू ते अडखळणेही योजनेचाच भाग होते. बारा वर्षांत एका कादंबरीचे पहिले प्रकरण नऊ वेळा लिहिणारी आणि नंतर ४३ दिवसांत तिचा सगळा खर्डा उतरवणारी बाई म्हणून मला जे दिसले, ते निकाल लागण्यापूर्वीच नोंदवून ठेवावे, एवढाच हेतू.

२०११ साली, प्रबंध हातावेगळा होऊन दोन वर्षे झाल्यावर, मी पहिले वाक्य लिहिले. कादंबरी माझ्याच गावाची, घाटंजीच्या बाजूच्या एका कोरडवाहू खेड्याची होती. निवेदक तृतीयपुरुषी, सर्वज्ञ. अठरा पाने झाली आणि मी ती वाचायला घेतली. म्हणजे वर्गात वाचते तशी वाचली. निवेदकाची भाषा प्रमाण आणि पात्रांची वऱ्हाडी, ही विभागणी लगेच खटकली. या विभागणीवर माझ्या प्रबंधात एक संपूर्ण प्रकरण होते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) ती आहे, पण तेथे कौतिकच्या बोलण्याचा दाब निवेदनावर सतत पडत राहतो आणि निवेदक तिच्यापेक्षा शहाणा ठरत नाही, असे मी सोदाहरण दाखवले होते. माझा निवेदक मात्र शहाणा होता. त्याला पात्रांची कीव येत होती. ती पाने मी बाजूला ठेवली. दुसऱ्या खेपेस निवेदन प्रथमपुरुषी केले, तर ते आत्मचरित्राकडे सरकू लागले. चौथ्या खेपेस सगळेच वऱ्हाडीत लिहिले आणि तिसाव्या पानाच्या सुमारास ध्यानात आले की मी वऱ्हाडी लिहीत नसून तिची नक्कल करीत आहे. कारण नोकरी लागल्यापासून ती मी घरीसुद्धा अर्धीच बोलते. सहाव्या खेपेस आरंभीचा पावसाचा प्रसंग आपल्या ग्रामीण कादंबरीत किती वेळा येऊन गेला आहे याची मोजदाद केली आणि तो काढून टाकला. त्याबरोबर प्रकरणही गेले.

हे सर्व आक्षेप योग्य होते. माझ्यातील समीक्षकाला खलपुरुष करून मोकळे होण्याची इच्छा नाही; त्याने एकही चुकीचे विधान केले नाही. त्याची चूक वेळेची होती. समीक्षा संहितेची होते, आणि येथे संहिताच नव्हती. अठरा पानांवरून तो पावणेतीनशे पानांच्या पुस्तकाविषयी निर्णय देत होता आणि मी तो शिरोधार्य मानीत होते. प्रबंधलेखनाने तर आणखी एक सवय अंगी भिनवली होती: आधाराशिवाय विधान करावयाचे नाही. ही सवय अध्यापकाला भूषणावह आहे. पण 'ती उठून दाराशी गेली' या वाक्याला आधार कोठून आणावयाचा?

दुसरा अडसर अधिक प्रतिष्ठित होता. त्याचे नाव अभ्यास. कापसाच्या पट्ट्यातील कादंबरी लिहावयाची तर १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना समजली पाहिजे, २००२ साली बीटी कापसाला मिळालेली परवानगी समजली पाहिजे, २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर कसे मेले तेही समजले पाहिजे, या विचाराने मी कात्रणांच्या सात फायली केल्या. जिनिंगमधील एका निवृत्त मुनिमाकडून रुईचा उतारा आणि गठाणींचा हिशेब शिकून घेतला. हे दिवस अत्यंत समाधानाचे गेले. लिहिल्यासारखे वाटत होते आणि लिहावे लागत नव्हते. शिवाय यवतमाळ म्हटले की बाहेरच्या वाचकाला काय अपेक्षित असते, हे सांगण्याची गरज नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९८६ साली कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हापासून या जिल्ह्याचे नाव एकाच विषयाशी जखडले गेले आहे. तो विषय खरा आहे, आमच्या दारातला आहे. पण त्याच्याविषयी लिहिलेच पाहिजे आणि लिहिले तर पुरेसे लिहिले पाहिजे, या दुहेरी धाकाखाली माझी साधी माणसे, म्हणजे निंदणाला निघालेल्या दोन बाया, वाक्यातसुद्धा उभ्या राहीनात.

येथे थोडे विषयांतर करून शीघ्र लेखनाविषयी आपल्या समीक्षेत असलेल्या संशयाचा उल्लेख केला पाहिजे. भराभर लिहिणे हे रंजनपर, वाचनालयी कादंबरीचे लक्षण आणि रखडणे हे गंभीर प्रकृतीचे, असे एक समीकरण आपण फारसा विचार न करता वापरतो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या सांगताना आपल्या स्वरात कौतुकापेक्षा मिस्किलपणा अधिक असतो. 'धग' लिहिणाऱ्या शेळक्यांनी पुढे लेखणीवरच चरितार्थ चालवताना ज्या कितीतरी कादंबऱ्या वेगाने लिहिल्या, त्यांच्याबाबत आपण बहुधा मौनच पाळतो. मीही माझ्या प्रबंधात त्यांना एका परिच्छेदात आटोपले, आणि आज ते मला शोभले नाही असे वाटते. वेग हा तेथे वृत्तीचा दोष नव्हता. कागदावर जगू पाहणाऱ्या माणसाचा तो रोजचा दर होता.

पण मान्यताप्राप्त उदाहरणे पाहिली तर हे समीकरण टिकत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहावयास घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे संपवली. ती कादंबरी मानावी की नाही हा वाद येथे नको. एका दीर्घ कथनाला पाच दिवस पुरले, एवढे पुरे. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' १९६३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आपल्या सांगवी या गावी अवघ्या दोन-तीन आठवड्यांत लिहिली. याच लेखकाची 'हिंदू' मात्र वाचकांपर्यंत यायला २०१० साल उजाडले. तेव्हा वेग हा लेखकाचा स्वभाव असतो असेही म्हणता येत नाही. तो त्या त्या संहितेचा असतो. हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येत होती. मागचा मजकूर छापून लोकांच्या हाती गेल्यावर लेखकाला तो बदलता येत नाही, फक्त पुढे जाता येते. आपल्या कादंबरीची पायाभरणी या सक्तीच्या पुढे जाण्यातून झाली आहे, हे आपण विसरतो. आणि बाहेरचे उदाहरण हवेच असेल तर १८६६ सालचा दस्तयेव्हस्की आहे. प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराची मुदत १ नोव्हेंबरला संपत होती; ती पाळली नाही तर नऊ वर्षे त्याच्या पुस्तकांवर प्रकाशकाचा हक्क राहणार होता. त्याने एका तरुण लघुलेखिकेला २६ दिवसांत 'जुगारी' सांगून लिहवून घेतली आणि पुढच्या वर्षी त्या लघुलेखिकेशी लग्न केले.

अमेरिकेत तर १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील २१ हौशी मंडळींनी एका महिन्यात कादंबरी लिहिण्याचा घाट घातला. पुढे त्याची मोठी संस्था झाली, नोव्हेंबरात पन्नास हजार शब्द हे माप जगभर ठरून गेले, आणि २०२५ साली ती संस्था बंदही पडली. माझ्या एका विद्यार्थ्याने हे सांगितले तेव्हा मी हसले होते. शब्द मोजून कादंबरी होते काय, असे काहीतरी बोललेही. आता तसे बोलणार नाही. मात्र ठरलेला आकडा माणसाला टेबलापाशी बसवू शकतो, तेथे काय सांगावयाचे आहे ते देऊ शकत नाही, हे माझे मत कायम आहे. तुरुंग, करार, साप्ताहिकाचा अंक यांत एक समान गोष्ट दिसते. लेखकाला थांबण्याची सोय उरलेली नसते.

माझी घाई निराळ्या कारणाने आली. २०२२ च्या पावसाळ्यात आईच्या बोलण्यात गाळलेल्या जागा येऊ लागल्या. प्रथम पुतण्या-भाच्यांची नावे गेली, ती कुणाचीही जातात. मग शेतांची नावे जाऊ लागली. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असते, आणि ते सातबारावर नसते. बाभळीचे, बुढ्याचे, खालचे, नाल्याकाठचे. यांतले खालचे म्हणजे कोणते, हे तिला विचारावे लागे, आणि तीच आता मला विचारू लागली. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हे नाव दिले आणि गोळ्या लिहून दिल्या. मी तिला गावाहून तालुक्याला माझ्याकडे आणले. त्या रात्री सात फायलींपैकी एकही माझ्या उपयोगाची नाही हे मला स्वच्छ कळले. माझ्या कादंबरीचा खरा दस्तऐवज शेजारच्या खाटेवर निजला होता आणि रोज त्याचे एक पान गळत होते.

तरीही आणखी एक वर्ष मी काही लिहिले नाही. हे वर्ष मला कोणत्याही सिद्धान्तात बसवता येत नाही.

२०२३ च्या वसुबारसेला, दिवाळीच्या सुट्या लागल्यावर, मी पोरांच्या असतात तशा दोनशे पानी वह्या आणल्या. पहाटे चार ते साडेसहा ही वेळ ठरवली. रोज पाच पाने. मागचे पान उलटून वाचावयाचे नाही. एखादा शब्द, एखादे नाव, एखादी रीत आठवली नाही तर उठून शोधावयाचे नाही. तेथे फुली मारावयाची आणि पुढे जावयाचे. हा शेवटचा नियम मी फारसा विचार न करता केला होता, पण खर्डा उभा राहिला तो त्याच्यावर. कारण दुपारी आई जरा ताजीतवानी असे, तेव्हा सकाळच्या फुल्या घेऊन मी तिच्यापाशी बसू लागले.

येथे आईचे एक जुने वाक्य सांगितले पाहिजे. एका जूनमध्ये धाकटा भाऊ पावसाची खात्री झाल्यावाचून पेरणार नाही म्हणून हटून बसला होता. वावरात काही जागी बी उगवत नाही, तेथे मागाहून पुन्हा बी लावतात, त्याला नांग्या भरणे म्हणतात. आपल्या वावरात नांग्या फार पडतील अशी त्याची भीती. आई त्याला म्हणाली, "पेरलंच नाई बाबू, तं नांग्या कायच्या भरशीन?" हे वाक्य लेखकांनी भिंतीवर लावण्याजोगे आहे असे कुणाला वाटेल, म्हणून हेही सांगते की तिच्या आग्रहाने केलेली ती धूळपेरणी त्या साली वाया गेली, दुबार पेरणी करावी लागली आणि बियाण्याचे पैसे उसने आणावे लागले. धूळपेरणी साधली तर पीक चार दिवस पुढे असते; नाही साधली तर बी मातीत जाते. मला हे दोन्ही ठाऊक होते आणि तरी पेरावयाचे होते.

पहिले आठ दिवस जे लिहून झाले ते वाईट आहे, आजही वाईट आहे. नवव्या-दहाव्या दिवशी मात्र एक गोष्ट घडू लागली. ती मला त्या वेळी कळली नाही, कारण मागचे वाचावयाचे नव्हते. निवेदनातील वाक्ये आपोआप घसरू लागली. प्रमाण वाक्याच्या मध्येच 'ला'च्या जागी 'ले' येई, एखादे क्रियापद घरचे येई आणि पुढचे वाक्य पुन्हा महाविद्यालयाचे. पाच पाने पुरी करण्याच्या धांदलीत मनातले वाक्य प्रमाण भाषेत उतरवून घेण्यास सवड नव्हती. नऊ वेळा जो प्रश्न मी विचारपूर्वक सोडवू पाहिला आणि सुटला नाही, त्याला हे हाताने दिलेले उत्तर होते. ते बरोबर आहे असे मी म्हणत नाही. ती भाषा व्याकरणाच्या दृष्टीने कुठल्याच बोलीची नाही. पण माझ्यासारखी, खेड्यातून निघून तालुक्यापर्यंतच पोहोचलेली बाई मनात जी भाषा बोलते, ती बहुधा हीच. शांतपणे लिहिताना मी तिला नेहमी दुरुस्त करून घेत आले होते.

दुसरे असे की, फायली गळून पडल्या. २०१७ कादंबरीत आलेच नाही. एकाधिकार खरेदी आली ती एका प्रसंगापुरती: खरेदी केंद्राबाहेर बैलगाडीखाली तीन रात्री निजलेला बाप आणि त्याच्यासाठी भाकरी घेऊन जाणारी पोर. हाताशी जे होते तेवढेच लिहिता आले, आणि हाताशी होते ते बायांचे होते. निंदण, वेचणी, पहिल्या वेचणीचे सीतादही, फरदडीच्या कापसाचे चार पैसे कुणाच्या गाठीला लागतात त्यावरून होणारी भांडणे. शेतकऱ्याच्या मरणाविषयी लिहिलेच पाहिजे हा धाक कोणत्या दिवशी संपला, ते सांगता येत नाही. त्याच्यासाठी सकाळी वेळच उरली नाही.

सुट्या संपल्या, हिवाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका आल्या, एके दिवशी पाचाऐवजी एकच पान झाले, दोन दिवस काहीच झाले नाही. या भागात सांगण्याजोगे काही नाही; कोणताही खर्डा असाच मध्ये मरगळतो.

मात्र दुपारच्या बैठकींविषयी एक गोष्ट लिहिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. आरंभी आई उत्तरे देई आणि ती बरोबर असत. पुढे ती देई, पण रोज निराळी. निंदताना बाया तांबूस देठाची एक भाजी खुडून ओच्यात टाकत, रात्री तिचीच भाजी होई. तिचे नाव मला आठवेना. पहिल्या दिवशी ती चिवळ म्हणाली. चिवळ मला दिसली की ओळखते, ती ही नव्हे. दुसऱ्या दिवशी केना म्हणाली. तोही नव्हे. तिसऱ्या दिवशी तिने एका बाईचे नाव सांगितले आणि हसली. ती बाई कोण, हे भावाला ठाऊक नाही, मामांना ठाऊक नाही. मी पुन्हा विचारले, पुन्हा तेच नाव. चौथ्यांदा विचारले तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत उत्तर न येणाऱ्या पोरीसारखा झाला, आणि मला माझ्या हातातील वही दिसली. मी आईजवळ बसले होते की साधनव्यक्तीची मुलाखत घेत होते? क्षेत्रीय अभ्यासाच्या पद्धती शिकवताना हा प्रश्न मी वर्गात विचारते, आणि मुलांना त्याचे उत्तर पाठ असते. त्या दुपारी मी वही मिटली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती अनोळखी बाई खर्ड्यात आली, निंदणाच्या पाटीत नायिकेच्या शेजारच्या ओळीला बसली, आणि शेवटपर्यंत गेली नाही. कादंबरीचा सर्वांत जिवंत भाग तिचा आहे. तो मी आईच्या विसरण्यातून घेतला. घ्यावयास हवा होता काय, याचा निर्णय माझा मला करता आलेला नाही. मात्र त्यानंतर दुपारी वही घेऊन बसणे मी बंद केले. नुसती बसू लागले. फुल्या अर्थातच वाढल्या.

४३ व्या दिवशी, डिसेंबरात, खर्डा संपला. २१७ पाने, ६१ फुल्या. मी ते आईला सांगितले. तिला कळले नाही. तिने विचारले, वेचणी झाली काय.

वह्या वर्षभर कपाटात होत्या. गेल्या उन्हाळ्यापासून मी त्या वाचते आहे, आणि ज्याला मी इतकी वर्षे दाराबाहेर ठेवावयास हवे होते तो समीक्षक आता बोलावल्यावरून येऊन बसला आहे. आता त्याच्यापुढे काहीतरी आहे. पहिली चाळीस पाने त्याने रद्द केली, मी विरोध केला नाही. भाषेबाबत आमचे भांडण चालू आहे: मधेच घसरणारी वाक्ये सारखी करावीत, निदान त्या घसरण्यात काही सूत्र असावे, असे त्याचे म्हणणे, सूत्र लावले की ती पुन्हा नक्कल होईल, असे माझे. फुल्यांपैकी चाळीसेक भरल्या. काही ठिकाणी शब्द मिळाला, काही ठिकाणी वाक्यच असे फिरवले की शब्दाची गरज उरली नाही.

आई आहे. मला बहुतेक वेळा ती स्वतःची थोरली बहीण समजते, आणि त्या नात्याने माझ्यावर रागावतेही. या पावसाळ्यात तिला गावी नेले होते. धुऱ्यावर ती तांबूस देठाची भाजी दिसली. मी एक फांदी खुडून तिच्या हातात दिली. तिने पाने सोलून, देठ टाकून, नीट ओच्यात भरली. नाव विचारले नाही. आमच्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी आहेत, ते फांदी पाहून क्षणात सांगतील. ती वहीत ठेवून आणली आहे, वाळलीही असेल. अजून त्यांच्याकडे गेलेले नाही.